झडती आणि तपासणी : पुण्याच्या प्लेगपासून मामल्याच्या पिसवांपर्यंत



पावसाळ्यात ताप घेऊन येणाऱ्या रुग्णांना मी एक प्रश्न हमखास विचारतो. "घरातली पाण्याची भांडी तपासायला कोणी आले होते का?" बऱ्याचदा उत्तर मिळते, "आले होते डॉक्टरसाहेब, पण आमच्याकडे काही नाही म्हणून दारातूनच परत पाठवले." एखादा जरा चिडूनही विचारतो, "आमच्या घरात शिरून रांजण उघडून बघायचा यांना अधिकार कोणी दिला?"

प्रश्न रास्त आहे. सरकारी माणसाने आपल्या उंबऱ्याच्या आत यावे का, आला तर काय बघावे, आणि आपण त्याला किती खरे सांगावे, हा वाद आजचा नाही. महाराष्ट्रात तो किमान सव्वाशे वर्षे जुना आहे. या वादापायी माणसे मेली आहेत, फाशी गेली आहेत आणि वाचलीही आहेत. त्या इतिहासातले एक महत्त्वाचे पान आपल्या बीड जिल्ह्यातले आहे. आज तो इतिहास समजून घेऊ. औषधगोळ्यांची माहिती यात थोडी कमी असेल, पण तुमच्या घराच्या आरोग्याशी त्याचा थेट संबंध आहे.

मांडवीतला ताप

सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात धान्याची मोठी गोदामे आणि दाटीवाटीची वस्ती होती. तिथे तीव्र ताप आणि जांघेत किंवा काखेत गाठ असलेले रुग्ण दिसू लागले. मूळचे गोव्याचे असलेले डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी हा गाठीचा प्लेग असल्याचे ओळखले आणि तसे जाहीरपणे सांगितले.

प्लेगचा जिवाणू १८९४ मध्ये हाँगकाँगमध्ये सापडलेला होता. अलेक्झांडर यर्सिन यांनी तो शोधला, म्हणून त्याला आज 'यर्सिनिया पेस्टिस' म्हणतात. पण हा जिवाणू एका माणसापासून दुसऱ्यापर्यंत कसा पोहोचतो, हे १८९६ मध्ये कोणालाच नीट माहीत नव्हते. घाण, कोंदट हवा, ओली जमीन, रुग्णाचे कपडे अशा सगळ्यांवर संशय होता. मुंबईच्या गटारांत समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक आम्ल सोडले गेले, घरांना चुना मारला गेला, रुग्णांना रुग्णालयात हलवणे सुरू झाले.

लोकांच्या मनात रुग्णालयाची भीती होती. आत गेलेला माणूस परत येत नाही, असा समज पसरला होता. त्यात तथ्यही होते, कारण तेव्हा प्लेगवर प्रतिजैविक औषध नव्हते आणि निम्म्याहून अधिक रुग्ण दगावत. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. साथ सुरू होऊन जेमतेम महिनाभर झाला होता, आणि आरोग्य खाते व रहिवासी यांच्यात एवढे अंतर पडले होते.

पुण्यातली झडती

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा मंजूर झाला. अवघ्या चार कलमांचा हा कायदा. साथ आटोक्यात आणण्यासाठी सरकारला योग्य वाटेल ते करण्याचा अधिकार त्याने दिला, आणि ते करणाऱ्या अधिकाऱ्याला कायदेशीर संरक्षणही दिले.

त्याच सुमारास पुण्यात प्लेग समिती नेमली गेली. अध्यक्ष होते वॉल्टर चार्ल्स रँड. मार्च ते मे १८९७ या काळात गोऱ्या सैनिकांच्या तुकड्यांनी पुण्यातील पेठा घरोघर तपासल्या. सैनिक देवघरापर्यंत, माजघरापर्यंत शिरत. रुग्ण सापडला की त्याला रुग्णालयात आणि घरच्यांना शहराबाहेरच्या छावणीत पाठवले जाई. घरातले सामान जाळले जाई, जमीन उकरली जाई. स्त्रियांना तपासण्याच्या पद्धतीबद्दल फार मोठा संताप होता. पंडिता रमाबाईंनीही प्लेगच्या रुग्णालयात मुलीबाळींना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल वृत्तपत्रात पत्र लिहून जाहीर तक्रार केली.

याचा परिणाम काय झाला? लोकांनी रुग्ण लपवायला सुरुवात केली. ताप आलेल्या माणसाला माळ्यावर, कोठीत, शेजारच्या वाड्यात दडवले गेले. काहींनी रातोरात गाव सोडले आणि बरोबर आजारही नेला. मृत्यू झाला तरी तो कळवायची भीती वाटू लागली.

२२ जून १८९७ च्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाच्या समारंभाहून परतताना गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. लेफ्टनंट आयर्स्ट जागीच मारले गेले, रँड ३ जुलैला मरण पावले. दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव हे तिघे चापेकर बंधू आणि त्यांचे साथीदार महादेव रानडे फाशी गेले. ही कथा आपण स्वातंत्र्यलढ्याचा भाग म्हणून शाळेत शिकलो. डॉक्टर म्हणून मी तिच्याकडे आणखी एका बाजूने पाहतो. जगातल्या सर्वांत कडक आरोग्य तपासण्यांपैकी एक पुण्यात झाली आणि तिने लोकांना खोटे बोलायला शिकवले. लोक खोटे बोलू लागले की रोगाचा माग लागत नाही.

त्याच पुण्यात, त्याच महिन्यांत दुसरी एक गोष्ट घडत होती. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी शहराबाहेर प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना चालवला. सावित्रीबाई स्वतः रुग्णांना तिथे आणत. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्या दवाखान्यात रुग्णाला ओढून आणावे लागत नव्हते. पुढच्या वर्षी गोपाळ कृष्ण गोखले यांच्यासारखे स्थानिक कार्यकर्ते प्लेगच्या कामात उतरले. सरकारनेही हळूहळू धोरण सैल केले. सैनिकांऐवजी स्थानिक लोकांची मदत, सक्तीऐवजी समजावणी, ओळखीच्या माणसामार्फत तपासणी अशा दिशेने गाडी वळली. हे शहाणपण आले, पण फार मोठी किंमत मोजून.

शोध माणसात, रोग उंदरात

या झडतीत एक शास्त्रीय घोटाळाही होता. सैनिक शोधत होते माणसे, आणि रोग होता उंदरांत.

१८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी कराचीत प्रयोग करून दाखवले की प्लेग एका उंदराकडून दुसऱ्याकडे पिसवांमार्फत जातो. सुरुवातीला त्यांची चेष्टाच झाली. पुढे १९०५ नंतर मुंबईत काम करणाऱ्या प्लेग संशोधन आयोगाने हे पक्के केले. साखळी अशी आहे :

- प्लेगचा जिवाणू मुळात उंदीर आणि त्यांच्यासारख्या कुरतडणाऱ्या प्राण्यांचा.
- आजारी उंदराचे रक्त पिसू पिते. जिवाणू तिच्या पोटात वाढतो.
- उंदीर मरतो. त्याचे अंग थंड पडले की पिसवा त्याला सोडून दुसरे गरम अंग शोधतात.
- जवळ दुसरा उंदीर नसेल तर त्या माणसाला चावतात.
- चावल्यापासून साधारण आठवड्याच्या आत थंडी-ताप येतो आणि जवळची लसिकाग्रंथी सुजते. पिसवा बहुधा पायाला चावतात म्हणून जांघेत अवधाण येते.

म्हणजे घरात उंदीर मरून पडणे ही पहिली घंटा. माणसाला गाठ येणे ही नंतरची. १८९७ ची तपासणी दुसऱ्या घंटेवर लक्ष ठेवून होती. पहिली घंटा ऐकू येत होती ती घरात राहणाऱ्या बाईमाणसांना, ज्यांच्याशी कोणी नीट बोलत नव्हते.

"गाव रानात गेलं"

तुमच्या घरातल्या जुन्या माणसांनी त्यांच्या आजी-आजोबांकडून हे वाक्य ऐकले असेल : "प्लेगच्या साली सगळं गाव रानात गेलं." गेवराई त्या वेळी ब्रिटिशांच्या मुलखात नव्हती, निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. प्लेगला मात्र सीमा नसतात. धान्याची पोती, कापसाच्या गाड्या, रेल्वे आणि यात्रा यांच्याबरोबर तो फिरत राहिला. १८९६ नंतरच्या काही दशकांत देशभरात एक कोटीहून अधिक माणसे त्यात गेली.

खेड्यांनी स्वतःचा एक उपाय शोधून काढला होता. घरात उंदीर पडू लागले की भांडीकुंडी, गुरेढोरे घेऊन माळावर किंवा शेतात झोपड्या बांधून राहायचे, आणि साथ ओसरल्यावरच गावात यायचे. कोणत्याही तपासनीसाने हे शिकवले नव्हते. आजच्या ज्ञानाने बघितले तर हा उपाय अगदी शास्त्रशुद्ध होता. उंदीर आणि त्यांच्या पिसवा घरात राहिल्या, माणसे त्यांच्यापासून लांब गेली. ज्यांना अडाणी समजून झडती घेतली जात होती, त्यांच्याच निरीक्षणात रोगाचे मर्म होते.

ज्या तपासण्या यशस्वी झाल्या

स्वातंत्र्यानंतर घरोघरच्या तपासणीने आपल्या देशात फार मोठी कामे केली. साठीच्या पुढच्या वाचकांना यातले बरेच आठवेल.

मलेरियाचे कर्मचारी आठवा. १९५३ मध्ये राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि १९५८ मध्ये त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले. 'मलेरियावाले' ठरावीक दिवसांनी दारात येत, कोणाला ताप आहे का विचारत, बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घेत, गोळ्या देत आणि भिंतीवरच्या तक्त्यात तारीख टाकून जात.

देवीचा रोग आठवा. सत्तरच्या दशकात भिंतींवर रंगवलेले असे, "देवीचा रोगी कळवा, हजार रुपये मिळवा." १८९७ मध्ये रुग्ण सांगणाऱ्याचे घर उद्ध्वस्त होत होते, इथे सांगणाऱ्याला बक्षीस होते. आरोग्यसेवक देवीच्या रुग्णाचे चित्र घेऊन फिरत आणि विचारत, "असा कोणी पाहिला का?" मे १९७५ मध्ये भारतातला शेवटचा रुग्ण आढळला.

नारू तर आपल्या भागाला अधिक जवळचा. मराठवाड्यात पायऱ्यांच्या विहिरी आणि बारवा पुष्कळ. नारू झालेला माणूस पाण्यात उतरला की त्याच्या पायातून बाहेर येणारी जंताची मादी पाण्यात पिल्ले सोडते. ती पाण्यातल्या बारीक जीवांच्या पोटात जातात, आणि तेच पाणी न गाळता प्यायले की साधारण वर्षभराने पुन्हा दुसऱ्याच्या पायातून हातभर लांबीचा नारू बाहेर येतो. १९८४ च्या सुमारास देशात नारूचे सुमारे ४० हजार रुग्ण होते आणि महाराष्ट्र हे बाधित राज्यांपैकी एक होते. या रोगावर लस नाही, औषधही नाही. उपाय होते ते घरोघर शोध घेण्याचे, पाणी गाळायला कापड देण्याचे, पायऱ्यांच्या विहिरी बंद करून रहाटाच्या करण्याचे, हातपंप बसवण्याचे आणि पाण्यात टेमीफॉस टाकण्याचे. जुलै १९९६ मध्ये देशातला शेवटचा रुग्ण सापडला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणपत्र दिले. तिशीतल्या डॉक्टरांनी आज नारू फक्त पुस्तकात पाहिला आहे. तो घालवला तो दारोदार फिरणाऱ्या कर्मचाऱ्यांनी आणि त्यांना खरे सांगणाऱ्या घरांनी.

या तिन्ही कामांत एक गोष्ट समान आहे. तपासायला येणारा माणूस घराला काहीतरी देत होता : गोळी, लस, गाळायचे कापड, हातपंप. शिवाय तो पुन्हा पुन्हा येत होता, म्हणून ओळखीचा झाला होता. १८९७ चा सैनिक फक्त नेत होता. कधी माणूस, कधी सामान, आणि बरोबर घराची अब्रूही.

१९९४ : मामला

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर मराठवाड्यात कित्येक गावांतले लोक भीतीने बराच काळ घराबाहेर झोपत. पुढचे पीक घरात साठले, घरांत माणसांचा वावर कमी झाला आणि उंदरांना रान मोकळे मिळाले, असे एक स्पष्टीकरण पुढे अभ्यासकांनी मांडले.

१९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातील मामला या गावातून तक्रार आली की घराघरांत पिसवा फार झाल्या आहेत आणि त्या चावून हैराण करत आहेत. त्याआधी गावात उंदीर मेल्याचेही लोकांनी पाहिले होते. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत ताप आणि गाठी असलेले रुग्ण समोर आले आणि गाठीच्या प्लेगचा संशय जाहीर झाला. देशात १९६६ नंतर मानवी प्लेगची नोंद नव्हती. जवळपास तीन दशकांनी हा शब्द पुन्हा वर्तमानपत्रात आला, आणि त्याच्याबरोबर आपल्या बीडचे नावही.

पाठोपाठ सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची साथ उसळली. हा प्रकार जास्त घातक, कारण तो खोकल्यातून थेट माणसाकडून माणसाकडे जातो. लाखो लोक सुरत सोडून पळाले. त्यात खानदेशातून कामाला गेलेले मराठी कामगारही होते. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून गायब झाल्या. कित्येक देशांनी भारतात येणारी विमाने थांबवली. देशभरात शेकडो संशयित रुग्ण नोंदले गेले, पन्नासहून अधिक मृत्यू झाले आणि ते मुख्यतः सुरतेत झाले. तेव्हा हा खरोखर प्लेगच आहे का, यावर तज्ज्ञांमध्ये बराच वाद झाला. पुढे त्या साथीतल्या जिवाणूंच्या जनुकीय तपासणीत तो यर्सिनिया पेस्टिसच असल्याचे दिसून आले.

मला मामल्याबद्दल विशेष वाटते ते यासाठी की तिथे पहिली घंटा लोकांनीच वाजवली. पिसवा झाल्या, उंदीर मेले, हे कोणी झडती घेऊन शोधले नव्हते. गावाने स्वतः सांगितले. १८९७ मध्ये जी खबर घराघरांत दडपली गेली, तीच ९७ वर्षांनी एका लहान गावाने स्वतःहून बाहेर दिली. रोग लवकर ओळखण्याच्या शास्त्रात याहून मोलाचे काही नसते. उंदरामागे सरासरी किती पिसवा आहेत हे तज्ज्ञ मोजतात. हा आकडा एकाच्या वर गेला की धोका मानतात. पण पिंजरे घेऊन तज्ज्ञ कधी येणार? कोणीतरी "आमच्याकडे पिसवा झाल्यात" म्हटल्यावरच.

सुरतेची पुढची गोष्टही सांगण्यासारखी आहे. १९९५ मध्ये एस. आर. राव तिथे महापालिका आयुक्त म्हणून आले. त्यांनी अधिकाऱ्यांना रोज सकाळी वातानुकूलित खोलीतून उठवून गल्ल्यांत फिरायला लावले. कचरा, गटार, हॉटेल यांची पाहणी रोजची झाली, आणि दंड मोठ्यांनाही झाला. घाणीसाठी बदनाम झालेले शहर दोनेक वर्षांत देशातल्या स्वच्छ शहरांत गणले जाऊ लागले. साथ आल्यावर एकदा केलेल्या झडतीपेक्षा रोजची साधी फेरी किती प्रभावी असते, याचा हा पुरावा आहे.

पुन्हा तोच कायदा

मार्च २०२० मध्ये कोरोनासाठी महाराष्ट्रात लागू झाला तो १८९७ चाच साथरोग कायदा. सुरुवातीच्या महिन्यांत जुन्या चुका पुन्हा डोकावल्या. रुग्णाच्या घराला पत्रे ठोकले गेले, शेजाऱ्यांनी बोलणे टाकले, आणि पुन्हा लोक ताप लपवू लागले. "मला फक्त सर्दी आहे" असे सांगत ऑक्सिजन कमी होईपर्यंत घरी बसलेले रुग्ण माझ्यासारख्या प्रत्येक डॉक्टरने पाहिले. उलट बाजूने, तपासणीला गेलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ले झाले. म्हणून एप्रिल २०२० मध्ये त्या कायद्यात दुरुस्ती करून अशा हल्ल्यांना कडक शिक्षा ठेवावी लागली. सप्टेंबरमध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आशाताई ऑक्सिमीटर आणि तापमापक घेऊन घरोघर आल्या. मशीन बोटाला लावून त्या लगेच आकडा सांगत, आणि त्या गावातल्याच असत. अनेक घरांत खरे दुखणे त्यांनाच पहिल्यांदा सांगितले गेले.

कुलूप असलेले घर

आपल्या गेवराई तालुक्याची एक खास अडचण आहे. दिवाळीच्या आसपास इथली कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. उचल घेतलेली असते, कोयता निघाला की लेकरेही बरोबर जातात. सर्वेक्षणाला आलेल्या कर्मचाऱ्याच्या वहीत त्या घरापुढे 'कुलूप' एवढाच शब्द पडतो. तिकडे कारखान्याच्या फडावरच्या कोपीत राहणाऱ्या कुटुंबाचे नाव तिथल्या वहीत नसते. लसीकरण चुकते, गरोदर बाईची तपासणी चुकते, क्षयरोगाच्या गोळ्या मध्येच सुटतात.

पोलिओ मोहिमेने यावर उत्तर शोधले होते. सगळ्या बाळांना डोस मिळाला तर दारावर खडूने 'पी' लिहायचे, बाळ चुकले किंवा घर बंद असले तर 'एक्स'. आणि एक्सच्या घरी पुन्हा जायचे. साखर कारखाने, वीटभट्ट्या, बसस्थानके यांसाठी वेगळी पथके ठेवली. म्हणून जानेवारी २०११ नंतर देशात नैसर्गिक (वाइल्ड) विषाणूमुळे होणाऱ्या पोलिओचा रुग्ण आढळला नाही. ज्या तपासणीत बंद दाराची नोंद होते आणि त्या दारी माणूस परत जातो, तीच पुरी तपासणी.

आता आपल्या दारात

आज आपल्या घरी तपासणी होते ती मुख्यतः डेंग्यूच्या डासासाठी. हा एडीस डास दिवसा चावतो आणि स्वच्छ साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो. मराठवाड्यात बहुतेक ठिकाणी नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून रांजण, ड्रम, हौद भरून ठेवणे ही कोणाची हौस नसते. पाणी साठवल्याचा गुन्हा तुमच्यावर कोणी लावत नाही. पण अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, आणि अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात. त्यामुळे नुसते पाणी ओतून भागत नाही, कडा घासाव्या लागतात.

आरोग्यसेवक शंभर घरांपैकी किती घरांत अळ्या सापडल्या ते मोजतो. त्या आकड्यावरून फवारणी कुठे करायची, कोणत्या गल्लीत जास्त लक्ष द्यायचे हे ठरते. दहा घरांनी "आमच्याकडे काही नाही" म्हणून दार लावले तर आकडा खोटा कमी येतो, आणि त्याच गल्लीतले मूल आठ दिवसांनी प्लेटलेट कमी झाल्या म्हणून दवाखान्यात येते. म्हणून माझी विनंती :

- तपासणीला आलेल्या ताई-दादांना ओळखपत्र विचारा. तो तुमचा हक्क आहे. नंतर त्यांना आत घेऊन सगळी भांडी दाखवा. कूलर, फ्रिजमागचा ट्रे, गच्चीवरचे टायर आणि कुंड्यांखालच्या ताटल्याही.
- अळ्या सापडल्या तर लाजू नका. त्या डॉक्टरच्या घरातही सापडतात.
- आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा. पाणी कापडाने गाळून दुसऱ्या भांड्यात घ्या, रिकाम्या भांड्याच्या कडा घासा, मग पुन्हा भरा. पाणी फेकायची गरज नाही.
- मोठ्या हौदात गप्पी मासे सोडा किंवा टेमीफॉस टाकून घ्या. झाकण नीट बसणारे हवे.
- घरात, गोदामात किंवा जिनिंगच्या आवारात एकाच वेळी बरेच उंदीर मेलेले दिसले तर हाताने उचलू नका, आरोग्य केंद्राला कळवा. प्लेग आज सहसा दिसत नाही आणि लवकर ओळखला तर प्रतिजैविकांनी बरा होतो. पण कळवणे महत्त्वाचे.
- घरातला ताप, पुरळ, लांबलेला खोकला लपवू नका. ऊसतोडीला जाताना लसीकरणाचे कार्ड आणि चालू औषधांची चिठ्ठी बरोबर न्या.

आणि तपासणीला जाणाऱ्या माझ्या आरोग्य खात्यातल्या आणि नगर परिषदेतल्या मित्रांना एवढेच सांगेन : दारात उभे राहून वहीत टिक करून पुढे जाऊ नका. घरच्या बाईशी दोन मिनिटे बोला. बंद घरी परत जा. चुकीबद्दल ओरडण्याआधी घासून कसे घ्यायचे ते करून दाखवा. पिसवा झाल्यात हे मामल्यात पहिल्यांदा त्या घरांत राहणाऱ्यांनीच ओळखले होते, आणि ते सांगायला त्यांना कोणी अडवले नव्हते.

तेव्हा, "यांना अधिकार कोणी दिला?" या प्रश्नाचे माझे उत्तर असे. कायद्याने अधिकार १८९७ मध्येच दिला होता, पण त्या अधिकाराने पुण्यात रोग सापडला नाही. देवी, नारू, पोलिओ यांच्या वेळी तो अधिकार लोकांनी दार उघडून दिला, आणि ते तिन्ही रोग गेले. पुढच्या वेळी कोणी रांजण बघायला आले तर दार उघडा, आणि जे आहे ते सांगा.

काळजी घ्या, निरोगी राहा.